बांधालगतचा घास

सकाळी सव्वासहा वाजता बेलवलीच्या पुतळाबाई शेतात उकिडव्या बसून लसूणघासाचे खुंट बोटांनी चाचपत होत्या. १९९१चा फेब्रुवारी होता. पहिली कापणी होऊन महिना उलटला होता आणि खुंट कोरडेच होते.

घरी चार म्हशी. दूध उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पातल्या मिठाईवाल्याकडे जायचं. उन्हाळ्यात नुसत्या पेंढ्यावर म्हशी आटत. भात निघाल्यावर नदीकाठचा हा तुकडा रिकामा पडे, म्हणून वीटभट्टीवाल्यांनी तो मागितला होता. माती एकदा विटांना गेली की खड्डा उरतो. तिथे पुन्हा भात होत नाही. दीर महिपती हो म्हणायला निघाले, तेव्हा पुतळाबाईंनी शिमग्यापर्यंतची मुदत मागून घेतली. उन्हाळाभर पुरणारा हिरवा चारा याच मातीत होतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

नोव्हेंबरात त्यांनी तीन पट्टे पेरले. एकात गुजरातकडचं लसूणघासाचं बी, दुसऱ्यात घाटावरचं, तिसऱ्यात चवळी. पाणी तिन्हींना सारखं, नदीवरच्या सामाईक पंपाचं, पाळीपाळीने. चवळी म्हशींनी आवडीने खाल्ली, पण ती एका कापणीतच संपली. गुजरातचा घास उंच वाढला. घाटावरचा बुटका, पण पानांनी दाट. लसूणघास कापला की पुन्हा फुटतो, त्यामुळे दोघांतला खरा निकाल दुसऱ्या कापणीला लागणार होता.

पहिली कापणी पुतळाबाईंनी आणि ठाकरवाडीच्या भिकीने मिळून केली. दोघींचा जन्म भात कापण्यात गेलेला. भाताचा पेंढा बोटभरही वाया जाऊ नये म्हणून विळा जमिनीला घासून चालवायचा, हीच हाताची सवय. घासही तसाच कापला गेला. फुटवे जिथून यायचे तो भागच विळ्याखाली गेला.

महिपती दात घासत बांधावर आले.

"वहिनी, दोन्ही नापास ना? आता भट्टीवाल्याला सांगतो."

"इकडं या, भावजी. हे बघा."

बांधाच्या कडेला दगड होते. धार जाऊ नये म्हणून तिथे विळा चार बोटं वर धरलेला. तेवढ्या कडेला दोन्ही पट्ट्यांत हिरवे कोंब आले होते.

भिकी शेणाची पाटी घेऊन मागे उभी होती. "माझ्याकडं काय बघतंस, बाय? भात कापल्यावर परत उगवलेला बघलायस कधी? मला काय ठावं, याला दुसरा जन्म असतो!"

"तुला नाय बोलत गो. मीच पुढं होते."

महिपती खाली वाकले, कोंब हाताने सारून पाहिले. मग म्हणाले, "शिमग्यापर्यंत बाकीचं काय फुटत नाय. शब्द शिमग्याचा होता. तो मी फिरवणार नाय. कडेचा हा पट्टा ठेवा तुम्ही. बाकीचा जाईल."

पुतळाबाईंनी वाद घातला नाही. मुदत त्यांनीच मागितली होती.

शिमगा झाल्यावर भट्टीची माणसं आली आणि बांधापासून हातभर जागा सोडून माती उकरू लागली. बेलवलीच्या मातीला गुजरातचा घास मानवतो की घाटावरचा, हे त्या वर्षी ठरलं नाही. उरलेल्या कडेवर दोन्ही उभे होते. त्यांना पाणी द्यायला नदीवरच्या पंपाची पुढची पाळी पुतळाबाईंची होती: उद्या, सकाळी सात वाजता.