अण्णांचा दम

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवळात एकटा असताना देवापाशीही नाही. देवाला ठाऊक असेलच म्हणून तिथं टाळलं आणि बायकोला ठाऊक नव्हतं म्हणून तिच्याजवळ टाळलं. टाळायला काय, कुठलंही कारण चालतं. आता तुमच्याजवळ बोलतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

आमचं घराणं वाजंत्र्यांचं. सोलापुरात लग्नसराई सुरू झाली की नवी पेठेतल्या कापडवाल्यांपासून खेड्यातल्या पाटलांपर्यंत सगळ्यांची सुपारी आमच्याकडं यायची. सनई वाजवायचे ते अण्णा. माझे चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांच्या शेजारी बसून सूर धरायचो. सूर धरणं म्हणजे काय, हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण आमच्याकडं कुणाचं लक्षच नसतं. सनया दोन असतात. एक गाते. दुसरीची बहुतेक भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच स्वर सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजत राहतो. नाकानं श्वास घ्यायचा, गालात हवा साठवायची आणि ती सोडत राहायची — खंड पडू द्यायचा नाही. त्या स्वराच्या आधारानं पहिली सनई गाते, आणि वाहवा अर्थातच पहिलीची होते. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

हे मला शिकवलं अण्णांनीच. मानमोडीच्या साथीत आठ दिवसांच्या आत माझे आई-वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. अण्णा आले, आमच्या खोलीला कुलूप घातलं आणि मला आपल्या घरी घेऊन गेले. वैनींनी पहिल्याच दिवशी अण्णांच्या आधी माझ्या ताटात भाकरी वाढली. दम शिकवायला अण्णा मला पाण्याच्या वाटीत बोरूची नळी घालून फुंकायला बसवत. बुडबुडे थांबले की मी हरलो. मी हरलो की ते हसत, रागावत मात्र कधी नसत. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी काही शिकवलं नाही.

तर सांगायचं आहे ते सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतलं.

त्या वर्षी जत्रेच्या एका अंगाला शहरातल्या काही मंडळींनी मोठा मांडव घातला होता. आपल्या मुलखात हातानं जे जे घडतं आणि तोंडानं जे जे गायलं-वाजवलं जातं ते एका जागी दाखवायचं, अशी त्यांची कल्पना. सांगोल्याकडचे धनगर घोंगड्या घेऊन आले होते, आणि दुपार झाली की ढोल गळ्यात अडकवून ते गजी नाचायचे. एका तेलुगु विणकरानं मांडवातच हातमाग उभा केला होता. तो आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणत चादर विणायचा, आणि धोटा फेकला की मान हलवायचा, जणू धोट्याला शाबासकी देतोय. हलगीवाले होते. बाहेर हुरडा भाजत होते, त्याचा धूर थेट आत यायचा. बायकांच्या बाजूला आमच्या वैनी बसल्या होत्या. त्यांच्यापुढं कडक भाकरीच्या चळती आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली शेंगाची चटणी. अण्णांची एकुलती एक लेक सुंदरा तेव्हा चार वर्षांची. ती चळतीमागं बसून भाकरीचे तुकडे मोडून खायची आणि वैनी न पाहिल्यासारखं करायच्या.

मी हे इतकं सावकाश का सांगतो आहे? पुढचं जितकं लांबेल तितकं बरं, म्हणून. दुसरं काय?

मांडवात सनईची चढाओढ होती. तिला बक्षीस काही नव्हतं, पण एका संस्थानचे वृद्ध गवईबुवा ऐकायला येणार होते. त्यांच्या नगारखान्यात सनईवाला हवा होता. बारा महिन्यांचा पगार, राहायला दोन खोल्या, आणि लग्नाच्या वरातीमागं उन्हातान्हात फिरणं कायमचं संपणार. अण्णांनाच ती जागा मिळणार, हे बाकीचे सनईवालेसुद्धा कबूल करत होते. मीही आठ दिवस हवेत होतो. आम्ही जाणार, असंच मी धरून चाललो होतो. आम्ही.

त्या सकाळी अण्णा सनईची पत्ती ओली करत बसले होते. सहज बोलावं तसं म्हणाले, "तितं सूर धरायला त्यांचा मानूस हाय रे, सिदा. तू हितंच ऱ्हा. माझा जम बसला की बोलावतोच की तुला."

मी बरं म्हणालो. पत्ती भिजवायला पाण्याची वाटीही पुढं केली. सूर धरणाऱ्याला एकट्याला कोण बोलावतं? आणि त्या घराशिवाय मी राहणार कुठं — आमच्या त्या कुलूप लावलेल्या खोलीत? भीती होती, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. राग होता. त्यांना ते इतक्या सहज बोलता आलं, याचा राग.

तिसऱ्या प्रहरी आमची पाळी आली. अण्णांनी भीमपलास सुरू केला. तुम्हाला सांगतो, तसा भीमपलास मी त्यांच्याकडूनही कधी ऐकला नव्हता. विणकरानं माग थांबवला. धनगर घोंगड्यांवर टेकून बसले. गवईबुवांनी डोळे मिटले. अण्णा वरच्या षड्जावर जायला निघाले. तिथं पोचून ते ठरणार, आणि ते ठरले की जागा त्यांची, हे मला शेजारी बसून कळत होतं.

आणि माझा सूर थांबला.

ठसका लागला, असं मी त्या रात्री फक्त अण्णांना सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं स्वतःलाही तेच सांगत राहिलो. ठसका लागला नव्हता. गालात हवा होती, छातीत दम होता. मी ओठ सैल केले. जाणूनबुजून केले. चार मात्रांचा खंड पडला असेल, जास्त नाही. अण्णांची सनई वरच्या स्वरावर डगमगली, उतरली आणि थांबली.

गवईबुवांनी डोळे उघडले. सूर तुटला कुणाचा, असं त्यांनी विचारलं. माणूस भला होता. साथीदाराचा तुटला असेल तर आमचा माणूस सूर धरील, तुम्ही पुन्हा वाजवा, असंही म्हणाले. मांडवातले सगळे माझ्याकडं बघत होते. अण्णांनीही एकदा बघितलं. त्यांनी खरं सांगितलं असतं तर जागा त्यांची होती. पण भर जत्रेत सूर तोडणारा म्हणून मी सोलापूर जिल्ह्यात कुठं तोंड दाखवू शकलो नसतो.

"त्याची चूक न्हाय जी," अण्णा म्हणाले. "माझाच दम तुटला. मी अडकलो म्हून त्यो थांबला."

गवईबुवांना कळलं नसेल? कळलं असणारच. पण वाजवणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यावर ते तरी काय करणार? जागा दुसऱ्याला गेली. परत जाताना अण्णांनी मला हुरडा घेऊन दिला. सुंदराला खांद्यावर घेतलं आणि जत्रेतले पाळणे दाखवत चालले. मी मागून हुरडा खात चाललो होतो. आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. अण्णा आता कुठं जाणार नव्हते.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी विसरून गेलो असतो. पण वाजंत्र्याच्या दमाची बातमी पसरायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, अण्णांचा दम कमी झालाय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, छातीत काहीतरी आहे. मग सुपाऱ्या दुसरीकडं जाऊ लागल्या. ऐन मुहूर्तावर सनई बंद पडली तर काय करायचं? नवी पेठेतल्या एका कापडवाल्यानं लेकीच्या लग्नाच्या वेळी मला एकट्याला गाठून विचारलं, अण्णांची तब्येत कशी आहे, खरं सांग. त्यांना कधी काही झालेलंच नाही, असं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं, तर मग त्या दिवशी काय झालं होतं, हे त्यानं विचारलं असतं. म्हणून मी म्हणालो, "आता बरं हाय त्यांना." आता बरं आहे! म्हणजे आधी होतं. घरच्याच माणसानं सांगितल्यावर शंका कशाला उरेल? ते लग्न आमच्या हातून गेलं. त्या दिवशी घरी गेलो तर वैनींनी माझ्यासाठी चटणीत तेल घालून ठेवलं होतं, मला तशी आवडते म्हणून.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सुंदराला मोडनिंबचं स्थळ आलं. मुलगा देखणा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, घरी वाजंत्र्यांचाच धंदा पण खाऊनपिऊन सुखी. मुलगी त्यांना पसंत होती. सुंदरानंही दाराआडून त्याला पाहिलं होतं आणि दिवसभर उगीच घर झाडत होती. बैठक बसली. गूळ-पाणी झालं, देण्याघेण्याचंही जुळलं. तेवढ्यात मुलाच्या मामानं आवाज खाली आणून विचारलं, छातीचा आजार घराण्यात आहे का? अण्णा हसले, म्हणाले, नाही. मामाचं समाधान झालं नाही. तो माझ्याकडं वळला.

"सूर तुमी धरता. तुमास्नी जास्त ठावं. आजार न्हाय, तर मग गड्ड्यावर यांचा दम कशानं तुटला हुता?"

उत्तर माझ्याजवळ होतं. त्या घरात फक्त माझ्याजवळच होतं. अण्णांजवळही होतं म्हणा, पण त्यांनी ते मला देऊन टाकलं होतं. आतल्या खोलीत पोह्यांच्या बशा भरून तयार होत्या. बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. मी जाजमाकडं बघत बसलो. एक वाक्य — एकच — आणि मी ते बोललो नाही. मग अण्णाच म्हणाले, त्या दिवशी हुरड्याचा धूर छातीत गेला होता. पाहुणे कळवतो म्हणाले आणि उठले. कळवतो म्हणजे काय, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पोहे कुणी खाल्ले नाहीत.

पाहुणे गेल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तू कशाला जिवाला लावून घेतोस?"

त्यांना सगळं ठाऊक होतं का? शेजारचा सूर थांबला की थांबवला, हे त्यांच्यासारख्याला कळलं नसेल, असं कसं म्हणू? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

पुढल्या वर्षी सुंदराला जेऊरला दिली. बिजवराला. माणूस वाईट नाही, शेती आहे, पण वयानं माझ्या बरोबरीचा. पहिल्या बायकोची दोन मुलं होती, ती सुंदरानं आपली मानली. अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. विषमज्वर झाला होता. ताप यायच्या आदल्या दिवशीपर्यंत ते सनई वाजवत होते आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत होती. बरोबर मीच होतो. जत्रेनंतरच्या पंधरा वर्षांत माझा सूर एकदाही तुटला नाही. त्याला आता काय करायचं?

तेराव्याला सुंदरा आली. तिचा धाकटा, तीन वर्षांचा, कडेवर होता. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी ती माझ्यापाशी येऊन बसली.

"काका, एक इचारू? ह्याला जरा खोकला ऱ्हातोय. सासू म्हंती आज्ज्याची छाती आलीया. त्याचं ताट येगळं ठेवत्यात. बाकीच्या पोरांत बसू दित न्हाईत जेवायला. अण्णांना खरंच काय हुतं का वो?"

काही नव्हतं, मी म्हणालो.

"मग त्या दिशी दम कसा तुटला?"

ती माझ्याकडं बघत होती. अगदी विश्वासानं. आपल्या बापाचा दम माझ्याहून जास्त ओळखणारं कुणी नाही, हे तिला माहीत होतं. पोरगं तिच्या मांडीवर बसून पायातल्या वाळ्याशी खेळत होतं. अण्णांचे कान आहेत त्याला.

गाडीची वेळ झाली, असं मी म्हणालो. तिचं गाठोडं उचललं आणि तिला स्टेशनवर पोचवून आलो.

त्याला आता एक वर्ष होईल. तिचा मुलगा आता चार वर्षांचा असेल. सोलापूरहून सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत जेऊरला पोचता येतं. मी अजून गेलेलो नाही.