अकराव्या स्लाइडवरची चांदी

आधीच सांगते, मी अशा गोष्टी मानणारी नाही. आमच्या वाडीवर कुणाला चकवा लागला, कुणाला ओढ्यावर कोण दिसलं, हे लहानपणापासून ऐकत आले आणि अकरावीला सायन्स घेतल्यापासून त्याला हसत आले. या सदरातले इतरांचे अनुभव वाचतानाही मी आधी त्यात चूक कुठे झाली असेल ते शोधते. माझ्या स्वतःच्या अनुभवातली चूक मात्र वर्ष झालं तरी सापडलेली नाही... म्हणून लिहितेय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

गोष्ट २००९ ची. मी महाडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात, जीपचा रस्ता संपला की दीड तासाची चढण. पंधरा घरं, सगळी गुरं राखणारी. महाडला मी वसतिगृहात राहायचे आणि दुपारी एसटी स्टँडच्या मागे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये काम करायचे. क्लासच्या सरांना एका संस्थेचं काम मिळालं होतं. डोंगरातल्या वाड्यांसाठी 'जनावरांची निगा' नावाचा ई-लर्निंग कोर्स सीडीवर करून द्यायचा. सर म्हणाले, "सुनंदा, हे तूच कर. आम्हाला गाईच्या पुढचं काही कळत नाही, मागचंही नाही."

माझ्यासोबत शबाना होती. दासगावची, माझ्याच वर्गातली. कोर्समधलं सगळं निवेदन तिच्या आवाजात होतं.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोर्स म्हणजे एकामागून एक स्लाइड. प्रत्येक स्लाइडवर लेअर असतात. लेअर म्हणजे काचेसारखा पारदर्शक कागद समजा. खाली मूळ चित्र, त्यावर एकेक कागद. कुठला कागद कधी दिसावा आणि कधी लपावा, हे आपण ठरवून द्यायचं.

अकरावी स्लाइड होती 'संध्याकाळी गुरं परत येताना'. गणपतीत घरी गेले तेव्हा मी सरांचा डिजिटल कॅमेरा आणि छोटा रेकॉर्डर घेऊन गेले होते. आमच्याच रिकाम्या गोठ्याचा फोटो काढला, तो खाली ठेवला. मग आमच्या चार गाईंचे फोटो कापून चार लेअर केले. बांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मारलेली हाळी रेकॉर्ड करून आणली होती. स्लाइडवरच्या कर्ण्यावर क्लिक केलं की बांची हाळी वाजणार, एकेक करत तीन गाई गोठ्यात दिसणार आणि हाळी वाजून संपली की चौथी, चांदी.

इथे हाळीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे संध्याकाळी गुरांना वरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, बोलवायला घराजवळच्या उंच खडकावर उभं राहून हाळी मारतात. प्रत्येक घराची हाळी वेगळी असते आणि बहुतेक घरांत ती बाईची असते. गुरं आपलीच हाळी ओळखतात. हाळी मारणारी बाई गेली, तर बाराव्यानंतर घरातल्या दुसऱ्या बाईनं त्या खडकावर उभं राहून हाळी मारायची. याला हाळी उचलणं म्हणतात. तोवर गुरं घरची होत नाहीत, असं मानतात.

माझी आई त्याच्या आदल्या वर्षी भाद्रपदात गेली. ताप डोक्यात चढला. डोलीतून खाली रस्त्यापर्यंत आणलं, तिथेच संपलं. घरात दुसरी बाई मीच. बाराव्यानंतर खडकावर मी उभं राहायचं होतं. मी राहिले नाही. दोन दिवसांनी परीक्षा आहे असं सांगून खाली उतरले. परीक्षा होती, हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं. पहिल्या वर्षी वर्गात मी काही विचारलं की मुली वळून बघायच्या, हसायच्या... आम्ही डोंगरावरून डोंगरावर बोलणारी माणसं, आमचा आवाजच मोठा. त्या वर्षभरात मी हळू बोलायला शिकले होते, आणि आता मला तसं ओरडायची लाज वाटत होती. आईच्या जागी उभं राहून ओरडायची तर भीतीच वाटत होती.

मग बांनीच हाळी मारायला सुरुवात केली. तीन गाई येऊ लागल्या. चांदी येईना. ती आईच्या माहेराहून, शिवथरच्या बाजूच्या मामाकडून आलेली. आई सगळ्या गुरांना हाळी देऊन झाली की एक दम घेण्याइतकी थांबायची आणि मग एकट्या चांदीला वेगळी, खालच्या आवाजात हाक मारायची — "ये गो माझे बाय..." तेव्हा चांदी निघायची. आई गेल्यापासून वर्षभर बा रोज सड्यावर चढून तिला हाताला धरून आणल्यासारखी आणत होते. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे.

हे सगळं मी क्लासमध्ये कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला आई नाही एवढंच शबानाला माहीत होतं.

तर, अकरावी स्लाइड. सोमवारी मी ती पहिल्यांदा चालवून पाहिली. हाळी वाजली. तांबडी आली, कपिली आली, पाडी आली. चांदी आली नाही.

सुरुवातीला मला काही वाटलं नाही. लेअर न दिसण्याची शंभर कारणं असतात. लेअर लपवलेला आहे का पाहिलं — नव्हता. दुसऱ्या लेअरच्या खाली गेलाय का — सगळ्यांत वर होता. सर येऊन बघून म्हणाले, "आवाज संपल्यावर दाखव असं सांगितलंयस ना? त्याला आवाज संपलाच नाही असं वाटतंय." मग मी ते बदललं, दहाव्या सेकंदाला दाखव असं केलं. नाही. क्लिकवर ठेवलं. नाही. बांची हाळी काढून शबानानं तिथे नुसती घंटा टाकली. नाही. चांदीचा फोटो दुसऱ्या स्लाइडवर नेला, लगेच दिसला. चांदीच्या जागी तांबडीचाच फोटो दोनदा लावला, दोन तांबड्या दिसल्या. नव्या फाइलमध्ये अकरावी स्लाइड पहिल्यापासून केली. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तीन गाई यायच्या आणि गोठ्यातली चौथी जागा रिकामी राहायची.

शबाना म्हणाली, "सुनंदे, तुझी गाय रुसलीय गो. हिला सरकारी काम नको असंल."

मी हसले. पण मंगळवारपासून मला त्या स्लाइडकडे बघवेना.

बुधवारी बा पोलादपूरच्या बाजाराला उतरले होते. तिथून त्यांनी क्लासच्या फोनवर फोन केला.

"शुक्करवारी मामा येतोय," ते म्हणाले. "चांदीला घेऊन जातोय परत."

"का?"

"का म्हंजे? मी परवा घसारलो वरती. लागलं नाय, पन... पोरी, माजा पाय नाय आता ऱ्हायला. ती माज्यानं येत नाय. तितं तिच्या जुन्या जागंला तरी ऱ्हाईल."

"बा, थोडं थांबा ना."

"वरीस थांबलो की गो," ते म्हणाले. रागानं नाही. त्यांनी मला कधीच काही म्हटलं नाही, हाळीबद्दल तर नाहीच. तेवढं एकच वाक्य. मग रुपयाच्या नाण्याचा वेळ संपला आणि फोन कटला.

गुरुवारी सरांचाही धीर सुटला. शुक्रवारी सीडी द्यायची होती. "चौथी गाय उडव," ते म्हणाले. "तीन गाईंत काय बिघडतंय? बघणाऱ्याला कुठे ठाऊक आहे चार होत्या?" आणि ते बँकेत गेले.

दुपारचे सव्वाचार झाले असतील. क्लासमध्ये मी आणि शबानाच. तिला पाच वाजताची दासगावकडे जाणारी एसटी धरायची होती, म्हणून ती सारखी घड्याळ बघत होती. मी चांदीच्या लेअरवर जाऊन डिलीट दाबलं. नेहमीची चौकट आली — हा लेअर काढून टाकायचा का? हो, नाही. चौकटीत लेअरचं नाव होतं, मीच दिलेलं. चांदी.

मी 'नाही' दाबलं.

शबाना म्हणाली, "काय झालं?"

"एकदाच बघते शेवटचं," मी म्हटलं आणि स्लाइड चालू केली.

स्पीकरमधून बांची हाळी आली. तांबडी, कपिली, पाडी. हाळी संपली. मग थोडी शांतता... एक दम घेण्याइतकी.

आणि मग खालच्या आवाजात, "ये गो माझे बाय..."

चांदी गोठ्यात दिसली.

शबाना म्हणाली, "ही कोण गो? आधी नव्हती ही बाई. छान आवाज आहे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली.

आईचा आवाज आम्ही कधीच रेकॉर्ड केलेला नाही. आमच्याकडे रेकॉर्डर नव्हता, मोबाइल नव्हता. तिचा फोटोसुद्धा एकच आहे, मतदार ओळखपत्रावरचा. रेकॉर्डर वाडीवर गेला तोच मुळी ती गेल्यावर एका वर्षानं.

आम्ही दोघींनी लगेच परत स्लाइड चालवली. बांची हाळी, तीन गाई, पुढे काही नाही. आवाजाची फाइल उघडून पाहिली. हाळी संपते तिथून पुढे रेघ सपाट. रेकॉर्डरमधली मूळ फाइल कानाला हेडफोन लावून दहा वेळा ऐकली. काही नाही. शबानाची एसटी गेली. ती म्हणाली, "जाऊ दे, साडेपाचची आहे," आणि माझ्याजवळ बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी मी रेकॉर्डर पिशवीत टाकून पहिल्या गाडीनं निघाले. सरांना एवढंच सांगितलं की सीडी सोमवारी देते. ते कुरकुरले, पण जा म्हणाले.

वर पोचले तेव्हा मामा अंगणात येऊन बसला होता, शेजारी दावं. बा मला बघून दचकलेच.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"काय कळलं?"

"काल चांदी आली ती."

बा सांगत होते — काल ते गोठ्याची कुडाची भिंत बांधत होते. हाळी मारायची वेळ झालीच नव्हती, उन्हं चांगली वर होती, घाटातून चारची गाडी नुकतीच गेली होती. आणि चांदी एकटीच सड्यावरून पळत खाली आली. गोठ्यात गेली नाही. आईच्या खडकाखाली उभी राहिली, मान वर करून.

"तितं कोन नव्हतं," बा म्हणाले. "मी जाऊन बघितलं. ती मातर बघत व्हती. लय येळ."

मामा म्हणाला, "अवो, गुराला काय, माशी चावली तरी पळतं. आज घेऊन जातो, मंग तुमी मोकळं."

मी आयुष्यात मामाला उलट बोलले नव्हते. म्हटलं, "मामा, आज हाळी मी मारते. आली तर नेऊ नका."

"आनि नाय आली तर?"

"तर न्या."

संध्याकाळी मी खडकावर चढले. खाली बा, मामा, शेजारच्या दोन काकी, सगळे उभे. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो मुलींच्या वसतिगृहातला, हळू. एक काकी खालून ओरडली, "आगो, गाईला बोलावतेस का मास्तरनीला?" सगळे हसले... मीही हसले, आणि तेवढ्यात छातीतून कुठून तरी तो जुना आवाज निघाला. समोरच्या डोंगरावरून परत आला.

तांबडी आली, कपिली आली, पाडी आली.

मी एक दम थांबले. मग आई म्हणायची ते म्हटलं. मला रडू येत होतं, त्यामुळे ते नीट आलं नाही. बराच वेळ सड्यावर काही हललं नाही. मामानं दावं हातात घेतलं. आणि मग वरच्या करवंदीच्या जाळीमागून पांढरं काहीतरी निघालं... सावकाश, मधेच थांबत. चांदी खडकापर्यंत आली, माझा हात हुंगला आणि गोठ्यात गेली.

मामा दावं गुंडाळत बांना म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच."

सोमवारी मी रेकॉर्डरमध्ये माझीच हाळी घेऊन आले होते. बांचा आवाज काढून तो लावला, बाकी एकही गोष्ट बदलली नाही. पहिल्याच वेळी चारही गाई आल्या. सर म्हणाले, "बघ, फाइलच खराब होती." असेलही. पण मग घंटा लावली तेव्हा चांदी का आली नाही, ते त्यांना सांगता आलं नाही. आणि जिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता त्या शबानाला तो कसा ऐकू आला, हे मला सांगता येत नाही. आवाज मनात घुमला असेल म्हणावं, तर मग तो दोघींच्या मनात कसा? आणि त्याच वेळी सड्यावरच्या गाईला काय ऐकू आलं? ती जुनी फाइल मी जपून ठेवली आहे. कधीतरी चालवते. तीन गाई येतात.

आता मी दर शनिवारी घरी जाते. इतर दिवशी बा हाळी मारतात आणि चांदी आता त्यांचंही ऐकते. मी असले की मीच खडकावर चढते. आईच्या हाकेतला तो शेवटचा हेल मला अजून जमत नाही, चांदी तरी येते. फक्त माझ्याजवळ यायच्या आधी ती खडकाखाली क्षणभर थांबते आणि मान वर करून माझ्या डाव्या बाजूला बघते. तिथे दोन पावलं ठेवण्याइतकीच जागा आहे. मी ती सोडून उभी राहते.