पाऱ्याच्या पिंडीचं तीर्थ

आज सकाळी गरोदर सुनेच्या हातावर पाऱ्याच्या पिंडीचं तीर्थ दिसलं, म्हणून लिहिते आहे.

मी तिचा हात धरला. "पिऊ नकोस. पारा जड धातू आहे."

तीर्थ देणाऱ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सोनंही जडच असतं. ते बरं चालतं गळ्यात."

"वहिनी, सोनं नुसतं वजनाला जड. पारा, शिसं यांना डॉक्टर जड धातू म्हणतात ते विषारी म्हणून. शिवाय सोनं मी पीत नाही."

सून हळूच म्हणाली, "आई, मी महिनाभर रोज घेतेय."

जाऊबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

तुमच्या देवघरातली पिंडी कशाची आहे, विचारलंय कधी?

दुपारी सुपूर्द केलं ते असं: सुनेचं रक्त, तपासणीला. पिंडी आणि उरलेलं तीर्थ, घट्ट झाकणाच्या बरण्यांत, डॉक्टरांकडे. बरण्या जाऊबाईंनी स्वतः दिल्या.