तात्याची पहिली निवड

तमाम कबड्डीप्रेमी जनतेस, आणि विशेषतः हडपसरच्या अलीकडे राहून पलीकडच्यांना नावे ठेवणाऱ्या अस्सल पुणेकरांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मांजरी येथे सहाव्या मजल्यावर दरवर्षी भरणारे आमचे न्यायालय यापुढे आरोपीविना चालवावे लागेल. आरोपी तात्या शितोळे, राहणार मांजरी, व्यवसाय आधी ऊस लावणे, नंतर उसाची जमीन बिल्डरला देणे आणि सर्वकाळ कबड्डी, हा गेल्या महिन्यात न्यायालयाची परवानगी न घेता कायमचा निघून गेला. सरकारी वकील मी होतो. मला त्याने साधी कल्पनाही दिली नाही.

बातमी आली तेव्हा मी बेकरीच्या रांगेत उभा होतो. सुमनवहिनींचा फोन. म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहीयेत." मला आयुष्यभर एकच सवय, कुणी काही बोललं की त्याला शेपूट जोडायचं. मी म्हणालो, "आज सामना नाही ना? मग झोपू द्या की." वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "डॉक्टर येऊन गेले." मागचा माणूस "अहो, पुढे सरका" म्हणत होता. मी पुढे सरकलो, पाव घेतला, सुटे पैसे मोजून खिशात टाकले. माणूस काय काय करत राहतो!

तात्याची आणि माझी ओळख कॉलेजच्या संघातली. तो डावा कोपरा सांभाळायचा आणि मी बाकडं. त्याच्या हाती एकदा घोटा लागला की समोरच्याने घरी जाण्याची तयारी करावी, असा त्याचा लौकिक होता. माझा लौकिक असा की राखीव खेळाडू असूनही माझे कपडे कधी मळले नाहीत. पुढे मी विमा कंपनीत चिकटलो, तात्या शेतीत. मग शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि आपल्याच उसाच्या फडावर, सहाव्या मजल्यावर, तात्या लिफ्टने राहायला गेला. त्याच मजल्यावर समोर जोशी सर राहायला आले, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "शितोळे, तुमच्या उसात राहतो आहे, पण पाणी मात्र उसाइतकं येत नाही." तात्या इतका हसला की दुसऱ्या दिवसापासून सर त्याच्या हॉलचे कायमचे सभासद झाले.

कबड्डीची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि शहराच्या नव्या संघाने तात्याला निवडीचा सल्लागार केलं. मोसमाआधी सगळे संघ पाळीपाळीने नव्या पोरांमधून एकेक पोरगा उचलतात. पहिल्या फेरीत तुम्ही कुणाला उचलता, यावर तुमची अक्कल ठरते, आणि ती ठरायला चार-पाच वर्षं जावी लागतात. तोवर सगळेच शहाणे. तात्याची पारख करायची रीत जगावेगळी होती. मैदानावर चढाई चालू असायची आणि हा बघायचा रेषेबाहेर, बाद होऊन बसलेल्या पोराकडे. आपल्या गड्याने गुण मिळवला की बाद झालेला पोरगा उठून पुन्हा आत येतो. तोवर तो कसा बसतो, हेच तात्याला पाहायचं असायचं. कुणी मांडी घालून गप्पा मारतो, कुणी बूट सोडून बसतो, कुणी तोंड पाडतो. "चढाई काय, सगळेच बघत्यात," तात्या म्हणायचा. "बाद झाल्यावर जो टाचा टेकत न्हाय, त्यो आपला."

तात्याची यादी आधीच संघाकडे गेलेली असायची, आणि दरवर्षी नव्या निवडीच्या संध्याकाळी, टीव्हीवर निवड चालू असताना, त्याच्या हॉलमध्ये आमचं न्यायालय भरायचं. विषय एकच, आधीच्या वर्षांच्या पहिल्या निवडी. मी काळा रेनकोट घालून सरकारी वकील. भर उन्हाळ्यातसुद्धा रेनकोट! जोशी सर न्यायाधीश, कारण त्यांना कबड्डीतलं काही कळत नव्हतं आणि निःपक्षपातीपणाला एवढं पुरेसं आहे, असं त्यांचं मत होतं. आरोपी सोफ्याच्या कोपऱ्यात. साक्षीदार म्हणून वहिनी, कांदाभजी तळता तळता. दुसऱ्या वर्षी तात्याने हरियाणाचा एक ताडमाड गडी घेतला होता. तो मोसमभर पोटभर जेवला, गाढ झोपला आणि पाठीचं कारण सांगून गावी गेला. मी गरजलो, "युवर ऑनर, आरोपीने खेळाडू निवडला की जावई?" सर म्हणाले, "जावई असता तर परत आला असता." शिक्षा, आरोपीला भजी बंद. तिसऱ्या वर्षी त्याने साताऱ्याकडचा एक काटकुळा पोरगा घेतला. सगळे संघ हसले होते. तो पुढे कप्तान झाला. त्या वर्षी आरोपीला निर्दोष सोडून न्यायाधीशांनी स्वतःच्या हाताने भज्यांची ताटली पुढे केली. चौथी निवड बरी, पाचवी वाया. वाद घालायला एवढा ऐवज पुष्कळ होता.

पण पहिल्या वर्षाचं नाव आलं की हॉलमधली हवा बदलायची. लोणी काळभोरचा सोपान. संघाची पहिलीवहिली निवड, तात्याची आयुष्यातली पहिली निवड. मी रेनकोट सावरून आरोपपत्र वाचायला लागलो की तात्या हात वर करायचा. "याचा निकाल राखून ठेवा." पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मी अडून बसलो, तेव्हा तो उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला... वहिनींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

हकीकत मला वहिनींकडूनच कळली. सोपानला तात्याने गावच्या मातीच्या मैदानावर पाहिलं होतं, बाद होऊन बसलेला. टाचा वर, गुडघ्यावर हात, डोळे रेषेवर. तात्याने तिथेच ठरवलं. अडचण एक होती. त्याच आठवड्यात पोलीस भरतीचं मैदान होतं आणि सोपान दोन वर्षं त्यासाठीच पळत होता. वडील म्हणाले, "तात्या, खाकी अंगावर आली की जल्माचं झालं. खेळाचं काय खरं हाय?" तात्या ओट्यावर बसून म्हणाला, "पोरगं माझ्यावर सोडा. पुढच्या भरतीला मी सोता घेऊन जातो." वडिलांनी सोडलं. पोरगं शिबिराला आलं आणि मातीऐवजी मॅटच्या गादीवर उभं राहिलं, पायात बूट घालून. मातीत अनवाणी पायाची बोटं रोवून वाऱ्यासारखा फिरणारा तो मुलगा गादीवर घसरायला लागला. वळताना पाय त्याच्या आधी जायचा, नाहीतर मागे राहायचा. दोन मोसम तो बाकड्यावर होता, मग संघाने सोडून दिला. पुढची भरती निघाली तोवर वयाची मर्यादा उलटून गेली होती. तात्याने सगळं बघितलं होतं, फक्त त्या पोराच्या पायात बूट घालून बघायचं राहिलं होतं.

तेव्हापासून तात्याला सोपानने झपाटलं. शब्द जरा नाटकी आहे, पण दुसरा सापडत नाही. उरुळीला बहिणीकडे जायचं तर सोलापूर रस्ता सरळ लोणीवरून जातो. तात्या नदी ओलांडून थेऊरचा वळसा घालायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "गणपतीला हात जोडून जाऊ." इतका गणपतीभक्त तो कधी झाला, हे गणपतीलाही कोडं असेल. निवडीच्या दौऱ्यावर मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. पोरं खेळत होती आणि तात्या बाद झालेल्यांच्या रांगेकडे बघत एकदम पांढरा पडला. "काय रे?" तर म्हणाला, "काय न्हाय. त्या कडंच्याची बसायची तऱ्हा..." कडेला कुणीच बसलेलं नव्हतं. ती जागा मोकळी होती. मी पुन्हा पुन्हा बघितलं.

एकदा आम्ही मार्केट यार्डात आंब्याची पेटी घ्यायला गेलो होतो. भाव पाडण्याचं माझं नाट्य ऐन रंगात आलं होतं. इतक्यात पालेभाजीच्या टेम्पोतून एक तरुण खाली उडी मारून उतरला, दोन्ही पाय एकदम टेकून, गुडघे वाकवून, चढाईहून परतणाऱ्या गड्यासारखा. तात्याने माझं मनगट धरलं. कोपऱ्यातली पकड, इतक्या वर्षांनी तशीच. पेटी तिथेच ठेवून आम्ही गर्दीतून बाहेर पडलो.

"तोच होता का?"

"म्हाईत न्हाय. असंल."

"अरे मग बोलायचं ना!"

"काय बोलू? सांग ना वकील. तू लई बोलतोस, तूच सांग. काय बोलू त्याला?"

आणि मी, रस्त्यावरच्या सिग्नलशीसुद्धा बोलणारा मी, खिशात गाडीची किल्ली शोधायला लागलो.

यंदाच्या निवडीची संध्याकाळ तात्याला जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा आली. मी जाणार नव्हतो. जोशी सरांचा फोन आला. "अहो, या. आरोपी नसला तरी न्यायालयाला सुट्टी नसते." मी रेनकोट घेतला नाही. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्याच्या शेजारी तात्याचा हार घातलेला फोटो. फोटोत तो हसत होता, पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, बाजूला कुठेतरी बघत होता. लग्नाचा फोटो असो की आधारचा, याने सरळ कधी बघितलंच नाही. सोफ्याचा तो कोपरा आम्ही मोकळा ठेवला होता. कुणी तसं बोललं नाही, पण सर पलीकडच्या खुर्चीत बसले आणि मी दाराशी. वहिनींनी भजी केली होती. कुणी हात लावेना.

बेल वाजली. वहिनी म्हणाल्या, "मी बोलावलंय." दारात तिशीतला एक माणूस, हातात मेथीची मोठी जुडी, चपला बाहेर काढून उभा. "सोपान," त्या आम्हाला म्हणाल्या. "यांना त्याला भेटायला कधी जमलं नाही. माझी मावसबहीण लोणीतच आहे. तिच्याकडून नंबर घेतला. एवढंच तर होतं."

तो आत आला आणि नेमका त्या मोकळ्या कोपऱ्यात बसला. त्याला काय ठाऊक! सोफ्याच्या अगदी कडेवर, हात गुडघ्यांवर, दोन्ही टाचा जमिनीपासून वर. तात्याने ज्या गोष्टीवर सगळा डाव लावला होता, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. खरं सांगतो, मीही हाच मुलगा घेतला असता.

चहा झाला. तो पालेभाजीचा टेम्पो चालवतो, दोन मुली आहेत, वडील दोन वर्षांमागे गेले, असं सगळं जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. मग मी, रेनकोट नसताना, मोठ्ठा आवाज न लावता, विचारलं, "सोपान, तात्यामुळे तुझं नुकसान झालं का रे?"

वहिनींचा हात बशीवरच थांबला. सर चष्मा पुसायला लागले.

"झालं की," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? खाकी गेली ती गेलीच. माझ्याबरोबर पळणारी पोरं आज हवालदार हायेत. मलाच चौकात अडवून लायसन मागत्यात." तो जरा हसला. आम्ही हसलो नाही. "पर त्याचं काय न्हाय. बुटात माझं पाय चाललं न्हाईत, त्याला तात्या काय करणार? त्यांनी बोलावलं, मी गेलो. माझीबी हौस होती."

"मग राग कशाचाच नाही?" सरांनी विचारलं. इतक्या वर्षांत न्यायाधीशांनी विचारलेला हा पहिला गंभीर प्रश्न.

सोपानने रिकामा कप खाली ठेवला. "संघानं सोडलं तवा वडील म्हणायचे, तात्या येतील. ह्याच ओट्यावर बसून शब्द दिलाय, येऊन काहीतरी सांगतील. रविवारी दारात चारचाकी थांबली की आई चहाचं आधण ठेवायची... लई दिस ठेवलं तिनं."

टीव्हीवर कुठल्या तरी संघाने पहिली निवड केली होती आणि एक पोरगा, कोवळा, बूट नवे कोरे, आवाज नसलेल्या टाळ्यांमध्ये व्यासपीठाकडे चालत होता. तात्याचा निकाल इतकी वर्षं निवडीवर राखून ठेवला होता, आणि गुन्हा होता भलताच, त्या ओट्यावर परत न गेल्याचा. मला वाटत राहिलं, आत्ता गॅलरीतून तो पाठ न दाखवता आत येईल आणि म्हणेल, बोला काय शिक्षा. मी तिकडे बघितलंसुद्धा. पडदा हलत होता, नुसता.

वहिनी उठल्या. त्यांनी मेथीची जुडी उचलली, पुन्हा ठेवली. म्हणाल्या, "ते तुला घाबरायचे रे."

"मला?" सोपानने मान वर केली. "तात्या? मला?"

तो उभा राहिला. त्याला वाटलं असावं की आता निघावं, पण तो दाराकडे गेला नाही, फोटोसमोर गेला. हात जोडायला म्हणून वर केलेले त्याचे हात तसेच अर्धवट राहिले आणि जिवंत माणसाला दटावावं तसा तो मोठ्यांदा बोलून गेला, "यायचं की ओ तात्या, एकदा तरी! दोन शिव्या दिल्या असत्या अन् चहा पाजला असता!"