गॅलरीतल्या फेऱ्या

तेवीस वर्षांची होते. एका तापानंतर जो थकवा शिरला तो आठ महिने हलेना. मोठ्या डॉक्टरांनी त्याला लांबलचक नावही दिलं, पण रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल होते आणि आमच्या घरात रिपोर्टला मान. बाबांच्या लेखी मी आळशी.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी चालायला सांगितलं. "गॅलरीत पाच फेऱ्या, रोज एक वाढव. जीव नको म्हणाला तरी थांबायचं नाही." बाबा मोरिवलीच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी तिथल्यासारखाच प्रॉडक्शनचा तक्ता आखून दारामागे चिकटवला: तारीख, टार्गेट, झालेलं काम, शेरा. टार्गेटचा रकाना महिनाभराचा आधीच भरला. तो कागद बघूनच मला धाप लागायची.

संध्याकाळी बाबा डबा ओट्यावर ठेवायचे आणि थेट तक्त्यापाशी जायचे. दिवसा शेजारची काकू तांदूळ निवडता निवडता मोजायची, "अजून चार बाकी हां पोरी!" तिचा असा संताप यायचा की सूप हिसकावून घ्यावं. पण तेवढीही ताकद नव्हती. गॅलरीला दोन टोकं, दोन्हीकडे मला मोजणारं कुणीतरी.

सोळाव्या दिवशी चिडून वीस फेऱ्या पुऱ्या केल्याच. दुसऱ्या दिवसापासून हातात पेला धरवेना. आई चमच्याने पेज भरवायची. लोडशेडिंगमध्ये पंखा बंद, तरी खिडकी लावून घ्यायचे, कारण उजेडसुद्धा सोसत नव्हता. बाबांनी पाच दिवस पाच शून्यं लिहिली. शेऱ्यात लिहिलं, "कामचुकारपणा."

सहाव्या दिवशी मी पडल्या पडल्या विचारलं, "बाबा, तुमच्याकडे मशीन बंद पडलं, तर ऑपरेटरच्या नावावर शून्य लिहिता?"

"छे! ब्रेकडाउन लिहितो. त्यात माणसाचा काय दोष?"

बोलले आणि तक्त्याकडे वळले. मग खिशातलं पेन काढून पाचही शेरे खोडले आणि प्रत्येक ठिकाणी नीट अक्षरात 'ब्रेकडाउन' लिहिलं. मी उशीत तोंड खुपसून रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझं खरं मानलं होतं.

पेन खिशाला लावता लावता त्यांनी कारखान्यातल्या सवयीने विचारलं, "चालू कधी होईल?"

मलाही तेच विचारायचं होतं. कुणाला, ते कळत नव्हतं.