खुर्च्या उचलून ठेवणारं घर

त्या घरात कुणी खुर्ची ओढत नाही. उचलतात आणि ठेवतात. पलंग सरकवायचा असला तर बस्या कामावर गेल्यावर सरकवतात. सून नवी आली तेव्हा सासूने तिला डाळी-पिठाचे डबे दाखवायच्या आधी ही गोष्ट सांगितली होती. सुनेला वाटलं, फरशीला चरे पडतात म्हणून असेल. फरशीचा काही संबंध नव्हता.

बस्या हे काही सासऱ्याचं खरं नाव नव्हे, बाजाराने दिलेलं. तो जनावरांच्या बाजारात उतारावर कामाला आहे. उतार म्हणजे ट्रकमधून जनावरं खाली येतात ती सिमेंटची घसरती वाट. लांबच्या प्रवासात एखादं जनावर पडतं, बाकीच्यांच्या पायाखाली येतं, पाय मोडून बसतं. पूर्वी आधी त्याचं शेपूट पिरगाळायचे. तरी नाही उठलं, तर मागच्या पायाला साखळी अडकवून ट्रॅक्टरने ओढत न्यायचे आणि मागच्या भिंतीपाशी टाकून द्यायचे. जिवंतच. बस्या नवा होता तेव्हा ही रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. त्याने तिकडे बघायचं टाळलं, पण कान काही बंद करता आले नाहीत. साखळीचा खणखणाट सोसला असता. त्याच्यामागून सिमेंटवर कातडं घासल्याचा एक जाड, ओला आवाज यायचा. तो जो कानात शिरला, तो बाहेर पडायचं नाव घेईना.

एकदा ट्रॅक्टर असाच मागे मागे येत असताना हा पडलेल्या गाईजवळ गेला आणि मांडी घालून बसला. भांडण नाही, भाषण नाही. व्यापाऱ्यांनी समजावलं, शिव्या दिल्या, हा आपला बसलेलाच. "बैल कामात बसतो ना, तसला आहे हा. बस्या!" असं कुणीसं म्हणालं, सगळे हसले आणि नाव चिकटलं. पुढे तो पडलेल्या प्रत्येक जनावरापाशी बसू लागला. बाजाराच्या कमिटीने आधी दम भरला, मग कंटाळून नियमच केला: पडलेल्या जनावराला डॉक्टर येईपर्यंत कुणी हलवायचं नाही. साखळी भंगारात गेली. आयुष्यात त्याने जिंकलेली ही एवढी एकच गोष्ट. तरीही घरी कुणी स्टूल ओढलं की त्याच्या हातातला घास हातातच राहायचा.

एका कडक उन्हाळ्यात भर दुपारी म्हशींचा ट्रक उताराला लागला. ड्रायव्हरने फाळका उघडला तर तोंडाशीच एक म्हैस आडवी. मागचा पाय खुब्यातून निखळून भलतीकडे वळलेला. बस्याने गोणपाट भिजवून तिच्या पाठीवर टाकलं, बादली तोंडाला लावली आणि शेजारी बसला. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या लांबच्या गोठ्यात अडकल्या होत्या. सुटले की निघते, म्हणाल्या.

ट्रकचा पत्रा तापत चालला होता. ही वाटेत पडलेली, त्यामुळे मागच्या म्हशींना उतरता येईना. त्यांच्या तोंडाला फेस आला होता, एकमेकींवर रेलत होत्या. त्यातल्या एकीने पुढचे गुडघे टेकले.

ड्रायव्हर येऊन उतारावर उकिडवा बसला. माणूस वाईट नव्हता, त्याचाही घसा कोरडा पडला होता.

"काका, तुम्ही एकीपाशी बसलात," तो म्हणाला. "आतल्यांपाशी कोण बसणार?"

बस्याने ट्रकच्या आत पाहिलं. इतकी वर्षं तो एकच विद्या शिकला होता, न हलण्याची. आत ती दुसरी कोसळली तर बाकीच्या तिला तुडवणार, हे त्याला धडधडीत दिसत होतं. आणि हिला बाजूला घ्यायचं तर उचलणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ओढावंच लागणार होतं.

तो उठला. बस्या उठला म्हणून हमाल बघायला आले, ते त्याने कामालाच लावले. कुंपणाचं लाकडी दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर पेंढा अंथरला. म्हशीच्या डोळ्यांवर त्याने आपला पंचा टाकला. पोटाखालून गोणपाटं सरकवून सगळ्यांनी मिळून तिला दारावर घेतलं. कुणीतरी ट्रॅक्टर आणू का विचारलं. त्याने नुसती मान हलवली आणि दोराचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

दार हललं आणि तो आवाज आला. सिमेंटवर लाकूड घासतंय, कातडं नव्हे, हे त्याच्या डोक्याला कळत होतं. कानांना कळत नव्हतं. मागे म्हैस एकदा रेकली. तो थांबला नाही.

आतल्या म्हशी उतरल्या आणि थेट पाण्याच्या टाकीला भिडल्या. गुडघे टेकलेलीही सावकाश चालत आली. उशिरा डॉक्टरबाई आल्या. छपराखाली ठेवलेल्या म्हशीला तपासून म्हणाल्या, खुबा गेलाय, आता हिचे हाल नकोत. त्यांनी सुई दिली तेव्हा म्हशीचं डोकं बस्याच्या मांडीवर होतं. निघताना त्या त्याला म्हणाल्या की तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. तो हो म्हणाला.

संध्याकाळी बायकोला त्याच्या खांद्यावरचा वळ दिसला. तेल चोळता चोळता तिने विचारलं, "अहो, हे कशानं?"

"ओढलं."

"कुणी?"

"मी."

तिचा हात जरा थांबला. मग ती पुन्हा तेल चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी तो पिठाच्या गिरणीत गेला, टाकून दिलेला जाड रबरी पट्टा मागून आणला आणि दाराच्या खालून ठोकून बसवला. आता पडलेलं जनावर त्या दारावरून सावलीत नेतात. पाण्यावर होडी जावी तसं दार सरकतं, जरासुद्धा आवाज होत नाही. दुसऱ्या बाजारांतली माणसं येतात, उलटं करून बघतात, तसंच करून घेतात. बस्याचं कौतुकही करतात. तो लाजून काहीतरी पुटपुटतो.

पण आवाज होत नाही म्हणून दोर खांद्यावर असताना त्याला सारखं मागे वळून बघावं लागतं. "आहे रे बाबा, आहे. पळून जाणारंय का ते?" हमाल चेष्टा करतात. तो तरी बघतोच.

घरी येताना हात रिकामे असतात, खांद्यावर काही नसतं. तरी वस्तीच्या वळणावर तो थांबतो, खांदा जरा सैल सोडतो आणि मागे वळून बघतो. सून खिडकीतून त्याला पाहते आणि त्याची खुर्ची उचलून ताटापाशी ठेवते.