देशपांडे सरांचं बोट आणि पाणचिचुंद्री

"सर, त्या सापळ्यात हात घालू नका," मी आधी मराठीत सांगितलं, मग जर्मनमध्ये. देशपांडे सरांनी दोन्ही भाषांकडे सारखंच दुर्लक्ष केलं आणि हात घातला.

झिंडेलफिंगेनजवळचा एक ओढा. सर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट लीड. ओढा पाइपात घालून वर पार्किंग करायचं, ही त्यांची योजना. मी स्टुटगार्टच्या एका लहान ऑफिसात प्राण्यांचे सर्व्हे करते. बांधकामाच्या जागी संरक्षित प्राणी आहे की नाही, याचा अहवाल आम्ही देतो. इथे संशय होता पाणचिचुंद्रीचा. ती सापडली तर ओढा वाचणार, नाही तर पाइप. आणि सर्व्हेचा तो शेवटचा दिवस होता.

सरांच्या मते चिचुंद्री म्हणजे चिचुंद्री. पुण्यात त्यांच्या मोरीतच चार होत्या म्हणे, त्यांच्यासाठी कुणी पार्किंग अडवलं नव्हतं.

या पाणचिचुंद्रीबाईंचं प्रकरण जरा वेगळं आहे. पाठ काळी, पोट पांढरं, दातांची टोकं तांबडी. मागच्या पायांना ताठ केसांची झालर असते, त्यावर ती पोहते. फरात हवा अडकते, म्हणून पाण्याखाली चांदीची दिसते. लाळेत विष असतं. तिने चावलेला बेडूक लुळा पडतो आणि ती तो सावकाश खायला साठवून ठेवते. भूक अशी की रोज स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं तरी खाणार; काही तास उपास घडला तर मरेल. म्हणून सापळ्यात अळ्या ठेवायच्या आणि दर दोन तासांनी बघायचं. माझं स्वतःचं जेवण त्या दिवशी साडेतीनला झालं, पण मी संरक्षित प्राणी नाही.

तर सरांनी हात घातला, ओरडले, हात झटकला. चिचुंद्री पाण्यात पडली आणि गेली. माझा फोन अजून बॅगेतच होता. खरं तर मी त्यांचा हात वेळीच बाजूला सारायला हवा होता. पण वडीलधाऱ्या माणसाच्या हातावर फटका मारायचं आमच्या घरी शिकवलेलं नाही.

"फोटो आहे?" सरांनी बोट चोखत विचारलं.

"नाही."

"मग प्राणीही नाही. गेनाऊ? बरोबर ना?"

मी गाडीत बसून रडले. चार महिने त्या चिखलात काढले होते.

सापळ्यात लेंड्या मात्र राहिल्या होत्या. मायक्रोस्कोपखाली त्यांत ओढ्यातल्या इवल्या झिंग्यांच्या कवचांचे तुकडे दिसले. जमिनीवरची चिचुंद्री ते खायला पाण्यात बुडी मारत नाही. मी सरांना कळवलं. लेंड्या काय, कुठूनही आणता येतात, असं ते फोनवर म्हणाले.

एव्हाना बोट चांगलंच सुजलं होतं. जर्मन कंपनीत साधं खरचटलं तरी फेरबांडबूखमध्ये, म्हणजे मलमपट्टीच्या वहीत, नोंद करावी लागते. जागा, वेळ, कारण, साक्षीदार. सर पक्के इंजिनिअर, एकही रकाना रिकामा सोडला नाही. काळी पाठ, पांढरं पोट, तांबडे दात, सगळं लिहून खाली सही केली. मग 'विष' हा शब्द आठवून त्यांची झोप उडाली. त्यांनी वहीचं पान जोडून माझ्या बॉसला, फ्राऊ केलरना, मेल पाठवली: तुमच्या सापळ्यातला कोणता प्राणी मला चावला आणि जिवाला धोका आहे का, हे लेखी कळवावं.

फ्राऊ केलरनी दहा मिनिटांत लेखी कळवलं. पाणचिचुंद्री. काही दिवस आग होईल, धोका नाही, काळजी घ्या. मग लेंड्यांच्या मी काढलेल्या फोटोंसोबत सरांची मेल आणि ते पानही अहवालाला जोडलं.

अहवाल हाती पडताच सरांचा फ्राऊ केलरना फोन आला. ते पान काढा म्हणाले.

"हो, काढते की," फ्राऊ केलर म्हणाल्या. "तुम्हाला काहीच चावलं नव्हतं, एवढं फक्त लिहून द्या."

त्याच पानाच्या आधारावर सरांनी दोन दिवस आजारपणाची रजा घेतली होती. त्यांनी काही लिहून दिलं नाही.

पार्किंग रस्त्यापलीकडे गेलं. ओढा उघडाच आहे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. जर्मन कार्यालयाला मात्र कांकणाखाली सहीही लागते. सरांनी ती उत्तम अक्षरात केली. मी एवढंच शिकले की सापळ्याजवळ फोन हातात ठेवावा आणि वडीलधाऱ्यांना अडवू नये.